लांब रेघेचे सर

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, वाढदिवसाचं पत्र तू स्वतः लिहिलंस, का मशीनकडून लिहून घेतलंस?" कारण काय, तर परिच्छेद फार नीट पाडले होते आणि चूक एकही नव्हती. मला राग आला नाही. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईचं पत्र नीटनेटकं असणारच. पण फोन ठेवल्यावर मी पत्राची माझ्याकडची प्रत काढून पुन्हा वाचली आणि एका वाक्याशी अडले. हे मी कधी लिहिलं, ते काही केल्या आठवेना. म्हणून आज तुम्हाला आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांबद्दल सांगते. माझा गोंधळ त्यांच्यापासून सुरू झालेला आहे.

सरांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या खिशात कायम एक काडेपेटी असे. वर्गात नव्या आलेल्या मुलांना वाटायचं, सर बिडी ओढतात. पेटीत असायच्या खराट्याच्या तीन काड्या, ब्लेडने कापून तासलेल्या. एक तांदळाच्या दाण्याएवढी, एक नखाएवढी आणि एक बोटाच्या पेराएवढी. निबंधाच्या वह्या तपासताना ते पेटी उघडत आणि मुलाने काढलेल्या रेघेवर काडी ठेवून बघत. रेघ काडीपेक्षा लांब निघाली की अर्धा गुण जायचा. लांब रेघेच्या जागी आखूड रेघ असली तर पूर्ण गुण जायचा. पालक तक्रार घेऊन माझ्याकडे यायचे, कारण तेव्हा मी मुख्याध्यापिका होते. मी सरांना बोलावून समजावलं.

"सर, मुलं सातवीतली आहेत. स्वल्पविराम नीट देतात तेवढं पुरे नाही का?"

"स्वल्पविराम म्हणजे श्वास, बाई," सर म्हणाले. "श्वास तर म्हशीबी घेतात."

मग त्यांनी मलाच तीन रेघा शिकवल्या. लहान रेघ दोन शब्दांना धरून ठेवते. मधली रेघ कुठून कुठपर्यंत ते सांगते, जसं लातूर ते नांदेड. आणि लांब रेघ म्हणजे माणूस बोलता बोलता थांबला, पण का थांबला ते त्याला सांगायचं नाही. शिक्षक होण्याआधी तरुणपणी सर नांदेडच्या एका छापखान्यात खिळे जुळवायला होते, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायचं काम. तिथे लांब रेघेचा खाना भिंतीकडच्या टोकाला होता. ती घ्यायची तर स्टुलावरून उठून हात लांबवावा लागे. "उठायची तयारी असंल तरच लांब रेघ वापरावी," असं ते वर्गात सांगत. मुलं ते वहीत उतरवून घेत आणि बसल्या जागी वाटेल तेवढ्या लांब रेघा मारत.

सर बोलायचेही तसेच. वाक्याच्या मध्ये थांबत, आणि किती वेळ थांबतील याचा नेम नसे. एकदा शिरूर अनंतपाळच्या एका शाळेने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. लातूरच्या स्टँडवर त्यांनी कंडक्टरला विचारलं, "ही गाडी शिरूर," आणि थांबले. कंडक्टर म्हणाला, "हाव हाव, बसा की." सर बसले. "अनंतपाळला जाती का," हे त्यांनी बसल्यावर पुरं केलं, तोवर कंडक्टर मागच्या सीटपर्यंत पोचला होता. गाडी नांदेडची होती. सर उतरले ते दुसऱ्याच शिरूरला, शिरूर ताजबंदला. तिकडे शाळेत हार सुकून गेले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर सर शांतपणे म्हणाले, "कंडक्टरची चूक न्हाई. त्यानं वाक्य रेघेच्या अलीकडंच संपवलं. ताजबंदला चहा मात्र चांगला मिळाला."

लातुरात कोणी नोकरीतून निवृत्त झालं की मानपत्र लागतं. चौकट करून दिवाणखान्यात लावायचं आणि समारंभात कोणीतरी ते मोठ्याने वाचायचं. गावातली निम्मी मानपत्रं सरांच्या हातची. माझंही त्यांनीच लिहिलं. त्यात एक ओळ होती, 'बाईंनी घंटेला वेळ शिकवली.' मला ती फार आवडली. मग एकदा आमच्या पोस्टमास्तरांच्या घरी गेले, तर भिंतीवर तीच ओळ. बाईंच्या जागी साहेब एवढाच फरक.

"सर, सगळ्यांना तेच लिहिता?" मी विचारलं.

"माणसंबी तीच असतात की, बाई. निवृत्त झाल्यावर तर सगळी चांगलीच असतात."

इतकं लिहूनही सरांनी स्वतःच्या नावावर कधी काही छापून आणलं नाही. अर्ज, आभाराची भाषणं, श्रद्धांजल्या, सगळं लिहिलं, पण खाली नाव दुसऱ्याचं. मग त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या. काकूंना आख्खी शाळा ओळखायची. गॅदरिंगचे कपडे त्याच शिवायच्या. पुढे शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका काढायचं ठरलं, आणि सरांनी न सांगता तीन पानांचा लेख आणून दिला. काकूंवर. खाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव. तो लेख त्यांचा म्हणून छापला जावा, एवढीच त्यांची इच्छा होती. यापूर्वी त्यांनी शाळेकडे कधी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

आठवड्याने स्मरणिका समितीचा सचिव माझ्या घरी आला. आता तो शाळेत विज्ञान शिकवतो, पूर्वी आम्हा दोघांचाही विद्यार्थी होता.

"बाई, सरांच्या लेखाचं लफडं झालंय."

"काय झालं?"

"हा लेख मशीननं लिहिलाय असं मशीन म्हणून राहिलं."

"कुठलं मशीन?"

"दुसरं मशीन. तपासायचं."

मी त्याला खाली बसवलं आणि पाणी दिलं. त्याचीही अडचण खरी होती. माजी विद्यार्थी मशीनकडून लेख लिहून घेऊन पाठवत होते, एकेकाचा लेख दुसऱ्यासारखाच. समितीने ते परत केले होते. आता सरांना सूट दिली तर बाकीच्यांनी त्याला सोडलं नसतं.

"आणि या रेघा बघा ना बाई," तो म्हणाला. "अशा लांब रेघा आता कोण मारतं? मशीनशिवाय कोणीच न्हाई. सर म्हणतात रेघा काढून टाकायच्या न्हाईत, आणि लेखाखाली संपादित असंबी लिहायचं न्हाई."

"सातवीत या रेघांवरून तू मार खाल्ला आहेस."

"खाल्लाय की. पण सर स्वतः कसं लिहायचे, ते आठवंना. लोकांच्याच नावानं लिहायचे ना ते."

समितीने एक तोड काढली होती. मी लेखी दाखला दिला की लेख सरांचा स्वतःचा आहे, तर छापायचा. शनिवारी सगळं छापखान्यात जाणार होतं. तोवर दाखला आला नाही तर लेख वगळायचा. मी लगेच सही केली असती तर विषय संपला असता. पण तुम्ही मला ओळखता. न बघता मी गॅसच्या सिलिंडरच्या पावतीवरही सही करत नाही. शिवाय लेख मी वाचला होता आणि तो फार सुरेख होता, इतका की मला थोडी भीती वाटली. त्यातलं एक वाक्य तर मी डायरीत उतरवून घेतलं. 'माणूस गेल्यावर घर मोठं होत नाही, हाका लांब जातात.' मी जिथे स्वल्पविराम दिलाय तिथे सरांची लांब रेघ होती. तुम्हाला लिहिताना मी लांब रेघ मुद्दाम टाळते आहे, नाहीतर पुन्हा विचाराल.

गुरुवारी सकाळी मी सरांकडे गेले. म्हटलं, कच्चा मसुदा दाखवा. खाडाखोड असेल, हाताचं अक्षर असेल. ते पाहून मी सही करते.

"कच्चं न्हाई," सर म्हणाले.

"म्हणजे थेट पक्कंच लिहिलं?"

"कच्चं होतं. पाच वेळा लिहिलं. भिजवलं."

सर उठून आत गेले आणि एक टोपली घेऊन आले. आमच्याकडे पूर्वी बायका रद्दी कागद पाण्यात भिजवून, त्यात मेथी वाटून घालून लगदा करत आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या बनवत. काकू सरांच्या मसुद्यांच्या टोपल्या करायच्या. कोणाचंही मानपत्र पूर्ण झालं की कच्चे कागद घंगाळात. त्या गेल्यावर सर स्वतः करू लागले होते. त्यांची टोपली एका बाजूला कलंडलेली होती आणि तिच्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या.

"घ्या. पाची मसुदे हायेत यात," सर म्हणाले. "वाचा."

मी टोपली फिरवून पाहिली. करड्या लगद्यात कुठे कुठे निळसर छटा होती. पुरावा म्हणून ती समितीपुढे कशी ठेवायची, याचा मी खरोखरच थोडा वेळ विचार केला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खाली आले. ते कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात, तरुण गृहस्थ आहेत. मला नमस्कार करून ते सरांना म्हणाले, "काका, ते मशीनचं लिखाण मग वापरलं का?"

मी सरांकडे पाहिलं. सर शेंगा फोडत राहिले.

"सर, तुम्ही मशीनला विचारलं होतं?"

"हाव, विचारलं होतं. मी बोललो, ह्यांनी टाइप केलं. काय काय बोललो ते आता ध्यानात न्हाई. तिची शिवायची मशीन, तिचं माहेर, समदंच बोललो असंन. घडीभरात दोन पानं आली." ते थांबले. मी वाट पाहिली. "लई चांगली होती, बाई. तिच्या हातची भाकर खाल्ली न्हाई, तिचा आवाज ऐकला न्हाई, आणि लिहिलं माझ्यापेक्षा चांगलं. मी म्हणलं, पुसून टाका."

"पुसलं मी," भाडेकरू म्हणाले.

"मग आठ दिवस हातात पेन धरलं न्हाई. मग जे लिहिलं ते माझं."

"सगळं?" मी विचारलं.

"एक वाक्य सोडून. ते माझं का त्याचं, मलाच कळंना."

ते वाक्य हाकांचं होतं. मी भाडेकरूंना विचारलं, मशीनने दिलेल्या पानांत ते होतं का. ते ओशाळून म्हणाले, "बाई, फॉर्म्युले विचारा, सांगतो. वाक्य नाही राहत लक्षात."

मग आम्ही दोघांनी ते केलं जे शाळेत करत होतो. सरांनी लेख मोठ्याने वाचायचा, मी ऐकायचा. प्रत्येक लांब रेघेशी सर थांबत. एका रेघेशी बाहेर रस्त्यावरून अख्खी ऑटोरिक्षा भोंगा वाजवत निघून गेली तरी सर थांबलेलेच होते. हाकांच्या वाक्याशी आल्यावर मात्र ते न थांबता वाचून गेले. परत मागे आले, पुन्हा वाचलं, पुन्हा थांबता आलं नाही.

"हे माझं नव्हे," ते म्हणाले. "इतकं चांगलं मला सुचत न्हाई." आणि लाल पेनाने ते वाक्य त्यांनी खोडलं.

मी तिथेच दाखला लिहिला. आधी इंग्रजीत, मग मराठीत, जशी माझी सवय. 'हा लेख शब्दन् शब्द सरांचा स्वतःचा आहे, याची मी खात्री देते.' सही केली, तारीख घातली, आणि खोडलेल्या लेखासह सचिवाकडे पोचता केला. घरी येताना मात्र मला बरं वाटत नव्हतं. लेखातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच होतं. ते मशीनचं असेल, तर मला आवडलं ते नक्की काय होतं? काकूंना तर मी ओळखत होते. वाचताना त्याच डोळ्यांपुढे आल्या होत्या, मशीन नव्हे.

स्मरणिका आली. लेख होता, रेघाही होत्या. माझा दाखला मी कार्यालयीन कागद समजून दिला होता, तो लेखाखाली चौकटीत ठळक छापला होता. आणि हाकांचं वाक्य जसंच्या तसं होतं.

सचिवाने कान धरले. "बाई, डीटीपीवाल्यानं जुनीच फाईल लावली. दाखला तेवढा नवा जोडला."

पुढचे काही दिवस सरांना गावात फिरणं अवघड झालं. लोकांना अख्ख्या लेखातलं तेवढंच वाक्य पाठ झालं. भाजी बाजारात एका माजी विद्यार्थ्याने वांगी निवडता निवडता ते म्हणून दाखवलं. एका डाळमिलवाल्यांनी ते आपल्या आईच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत घातलं, खाली सरांचं नाव लिहून. सर बाजारात जायचे बंद झाले. त्यांच्या नावावर पहिल्यांदाच काही छापलं गेलं होतं आणि लोक नेमकं तेच उचलत होते, जे ते आपलं मानत नव्हते. मी भाजी घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले.

अशीच एकदा गेले असताना त्यांच्या मेव्हणीचा फोन आला, हिमायतनगरहून. काकूंची धाकटी बहीण, त्याही आता ऐंशीच्या घरात. सरांना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर होता.

"दाजी, नातीनं वाचून दाखवलं बरं का पुस्तक. आक्काचं बोलणं त्यात घातलंत, लई बरं केलंत."

"कोणतं बोलणं?"

"ते हाकांचं. माय गेली तवा आक्का वसरीत बसून म्हणली न्हाई का, घर काय मोठं झालं न्हाई, हाका लांब जाऊन राहिल्या. तुम्ही होता की तिथं. चहा पिऊन राहिले होता."

मग मीच विचारलं, "हे नक्की काकूच म्हणाल्या होत्या का हो?"

"कोन बोलून राहिलं?"

"शाळेतली बाई."

"नमस्कार बाई. आता नक्की म्हंजी, लई वर्सं झाली. आक्का म्हणली का मावशी, ते काय सांगावं. पर आक्काच असंल. मावशीला जेवणाबिगर दुसरं काय सुचत नव्हतं."

फोन बंद झाला. मी मनाशी क्रम लावून पाहिला. काकू बोलल्या असतील, सरांच्या मनात ते कुठेतरी राहिलं असेल. मशीनपुढे सगळं बोलताना त्यांच्या तोंडून ते निघालं असेल, मशीनने ते सफाईदार करून परत दिलं असेल, आणि सरांना ते परकं वाटलं असेल. किंवा यातलं काहीच झालं नसेल. मेव्हणीने छापील वाक्य ऐकलं आणि मग तिला ते आठवलं, असंही असू शकतं. मी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. काही हाती लागलं नाही.

"मी तिचं वाक्य खोडलं होतं, बाई," सर म्हणाले.

"पण छापलं तर गेलं ना, सर."

"माझ्या नावावर. खाली तुमची सही. शब्दन् शब्द माझा म्हणून."

हे मला लागलं. माझ्या सहीचा कागद आयुष्यात कधी खोटा ठरला नव्हता. मी विचारलं, छापखान्यात असं झालं की काय करायचे. सर लगेच ताठ बसले. शुद्धिपत्र काढायचं. कागदाची पट्टी छापायची आणि प्रत्येक प्रतीत त्या पानावर हाताने चिकटवायची. त्यांनी कागद घेतला आणि मजकूर लिहिला. 'खालून तिसरी ओळ. हे वाक्य लेखकाचे नाही. ते,' इथपर्यंत लिहून ते थांबले. सरांच्या पिढीत नवराबायको एकमेकांचं नाव घेत नसत. तीन पानांच्या लेखात त्यांनी काकूंना सगळीकडे 'ती' म्हटलं होतं, नाव एकदाही नव्हतं. मला वाटलं, आता पेन माझ्याकडे देतील. पण त्यांनी स्वतःच लिहिलं, पहिलं नाव, मग माहेरचं आडनाव, मग सासरचं, एकेक अक्षर सुटं. 'यांचे आहे.' आणि कागद माझ्याकडे फिरवून ते खिडकीबाहेर बघत बसले.

शाळेच्या शिक्षककक्षात उरलेल्या प्रतींचे गठ्ठे होते. वाटलेल्या प्रतीही सचिवाने जमतील तेवढ्या परत मागवल्या. कुरकुर करत का होईना, पट्ट्या त्यानेच छापून आणल्या. आम्ही तिघं टेबलाला बसलो. मी पान उघडून द्यायची, सचिवाने डिंक लावायचा, सरांनी पट्टी बसवून अंगठ्याने दाबायची. तिसऱ्या गठ्ठ्यापाशी सचिवाचा हात थांबला.

"सर, राग मानू नका. पण हे वाक्य काकूंचंच हाय, हे नक्की ना? न्हाई तर मशीनचं वाक्य आपण काकूंच्या नावावर चिकटवून राहिलो."

"नक्की न्हाई," सर म्हणाले. "चिकटवा."